फुईची हाक डीव्हीडीवर

विद्यापीठाच्या पत्रातला ‘केवळ’ हा शब्द माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. प्रबंधासोबतची ध्वनिचित्रं केवळ डीव्हीडीवरच घेतली जातील, असं त्यात होतं. पेन ड्राइव्ह चालणार नाही, मेल चालणार नाही. हे मला कळवलं कशावर, तर मेलवर. प्रबंध जमा करायला चार दिवस उरले होते आणि माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला तोंडच नव्हतं. त्या ‘केवळ’च्या कानफटात मारता आली असती तर मी मारली असती.

हे विद्यापीठ आमच्या खान्देशातलं नाही. त्याचं नाव मी घेणार नाही. एक नाव घेतलं तर बाकीचे सुटतील आणि मला कुणालाच सोडायचं नाहीये.

माझा विषय होता शेतातल्या हाका. शेतात काम करताना माणूस जनावरांना आणि पाखरांना उद्देशून जे आवाज काढतो, ते. बैल वळवायचा आवाज वेगळा, थांबवायचा वेगळा, हौदावर पाणी प्यायला लावायची शीळ वेगळी. म्हैस पान्हवत नसली की बाई तिच्या पोटाला डोकं टेकून जे काही पुटपुटते, ते तर आणखीनच वेगळं. हे आवाज बाराखडीत बसत नाहीत. लिहायला गेलं की नुसतं ‘हुर्र’ आणि ‘च्यक च्यक’ हाती लागतं आणि वाचणाऱ्याला हसू येतं. म्हणून मी सहा वर्षं रविवार-सुट्ट्या घालवून तापीकाठच्या गावांमधून हे आवाज कॅमेऱ्यात भरले. कागदावरच्या चारशे पानांत त्या आवाजांबद्दल लिहिलं होतं. आवाज मात्र त्या डीव्हीडीतच असणार होते.

त्या सगळ्यांत माझ्या फुईचा आवाज होता. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. प्रकाशा या तीर्थाजवळच्या एका गावात असते, सत्तरी उलटली तरी मका उभा असला की शेतातल्या माळ्यावर चढून पोपट हाकलते. तिची हाक छातीतून निघते, मध्ये घशात फुटते आणि वर जाऊन बारीक होत होत संपते. थवाच्या थवा उठतो आणि शेजारच्या शेतात जाऊन बसतो. त्यावरून दोन वेळा भांडणं झाली आहेत. शेजाऱ्याचं म्हणणं, बाईंनी जरा कमी ओरडावं.

फुई आधी तयारच नव्हती. “मोबाइलवर नही टाकनं,” ती म्हणाली. “लोके हसतीन.”

“मोबाइलवर नही, फुई. मोठी शाळामा ठेवतीन, पुस्तकं ठेवतस तठे. तुन्हं नाव लिखीसन.”

“कोन्हं नाव लावशी? बापनं का नवरानं?”

“तू सांगशी ते.”

तिने हातातलं कणीस सोलून टोपलीत टाकलं. मग म्हणाली, “नुसतं मन्हं लाव.” आणि थोड्या वेळाने, “आनि माले तठे लई जाशी. मी तठे बशीसन ऐकसू.”

मी हो म्हटलं. तिच्या सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, घराच्या पाटीवर, कुठेच तिचं नुसतं तिचं असं नाव नव्हतं. प्रबंधाच्या परिशिष्टात पहिल्या ओळीत मी ते लिहिलं. तेव्हा डीव्हीडी ही माझ्यासाठी विद्यापीठाची अट राहिली नव्हती. फुईला दिलेला शब्द त्या चकतीवर जाणार होता.

आता लॅपटॉप. तो मी जुना घेतलेला. त्याच्या कडेला डीव्हीडीच्या कप्प्यासारखी एक पट्टी होती, त्यामुळे मी इतकी वर्षं समजत होते की आत यंत्र आहे. पत्र आल्यावर नखाने पट्टी उचकटली तर आत पोकळी. पहिल्या मालकाने यंत्र काढून घेतलं होतं आणि तोंडाला प्लास्टिकची पट्टी लावून मला विकलं होतं. त्या माणसाला मी त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या, त्याही बाराखडीत बसत नाहीत.

शहाद्यात तीन दुकानांत विचारलं. तिघेही हसले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकली आणि नंदुरबारची बस धरली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या पुढे, आम्ही मागे. माझ्याकडे तीन दिवस होते आणि ट्रॅक्टरवाला निवांत गाणी ऐकत चालला होता.

नंदुरबारच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटापालटा केला आणि चष्मा वर सरकवला. “मॅडम, ह्या वस्तूचं श्राद्ध घालून आम्हाला वर्षं झाली.”

“मला ती हवीय. विद्यापीठाला हवीय.”

“विद्यापीठाला काय, तिथं कुणाचं काय जातंय! बाहेरून वायरने जोडायचा रायटर मागवून देतो. सहा दिवस.”

सहा दिवस नव्हते. मग त्याने दुकानाच्या मागच्या बाजूचं पोतं ओढून आणलं. पोत्यात मेलेले लॅपटॉप. एकेकाचे स्क्रू काढून तो डीव्हीडीचा ड्राइव्ह बाहेर ओढायचा, माझ्या लॅपटॉपच्या पोकळीत घालून पाहायचा आणि बाजूला टाकायचा. काही जाड निघाले, ते शिरेचनात. जे पातळ होते त्यातले काही नुसते वाचणारे निघाले, म्हणजे डीव्हीडी दाखवणार पण तिच्यावर लिहिणार नाहीत. दोन तास मी स्टुलावर बसून ते बघत होते. चारशे पानं लिहून झाल्यावर, पन्नास माणसांच्या दारात जाऊन झाल्यावर, माझं सगळं एका पोत्यात अडकलं होतं. शेवटी एक बसला. तो लिहायचाही. त्याची पट्टी लाल, लॅपटॉप काळा.

“एक खोड आहे ह्याला,” दुरुस्तीवाला म्हणाला. “काम झालं की ट्रे उघडतो. आणि मनात आलं तरी उघडतो. लक्ष ठेवा.”

कोऱ्या डीव्हीडी त्याच्याकडे दोनच निघाल्या, काउंटरच्या तळाशी, धूळ खात पडलेल्या. दोन्ही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली चकती घातली. रेंगाळत रेंगाळत पाऊण तास गेला. ट्रे उघडला. मी पुन्हा आत सरकवून पाहिलं. सगळ्या हाका होत्या. फुई माळ्यावर उभी होती, पदर कमरेला खोचलेला, आणि तिची हाक आमच्या बैठकीच्या खोलीत घुमली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हायसं वाटलं. चकती धुतलेल्या रुमालावर टेबलावर ठेवली आणि मी आंघोळीला गेले. दुपारच्या बसने निघायचं होतं.

बाहेर येऊन पाहते तर रुमाल रिकामा. चकती देवघरात, देवापुढे. तिच्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं आणि वर पाच-सहा तांदूळ. चकचकीत बाजूवर.

सासूबाई समाधानाने हात पुसत होत्या. आमच्याकडे घरातून काही महत्त्वाचं बाहेर निघालं की त्याला कुंकू लागतं. नवा ट्रॅक्टर असो, परीक्षेची हॉल तिकिटं असोत, केळीची पहिली गाडी असो. माझ्या नेमणुकीच्या पत्रालाही त्यांनी कुंकू लावलं होतं आणि तो डाग आजही माझ्या फाइलमध्ये आहे. त्यामुळे त्यांच्या हिशोबात त्यांनी माझ्या सहा वर्षांच्या कामाचा मान ठेवला होता.

“आई, हाई काय करं तुम्ही?”

“एक बाजूले छापेल व्हतं ना काहीतरी,” त्या म्हणाल्या. “म्हनीसन मी कोरी बाजू लिधी.”

त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. मी मात्र तापले. ओला कपडा घेऊन पुसायला गेले तर हळदीचे कण घासले जाऊन त्या आरशावर रेघोट्या उठल्या. पुन्हा घालून पाहिली तर यंत्र नुसतं घुरघुरत राहिलं. मी दुसरी चकती घातली, बटण दाबलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन जे बोलले ते आज लिहायला लाज वाटते. माझ्या प्रत्येक गोष्टीला हात लावायची तुम्हाला काय गरज, असं सुरुवातीला होतं. मग लग्नापासूनचं सगळं निघालं. मला नोकरी करू दिली याचे उपकार कसे ऐकवले गेले, रात्रीचा अभ्यास बघून लाइट बिलाचा विषय कसा निघायचा, सगळं. त्यांनी भाकरी थापणं थांबवलं आणि हात तसाच पिठात ठेवून उभ्या राहिल्या.

परत आले तेव्हा ट्रे उघडा होता. म्हणजे काम झालं. घड्याळात पाहिलं तर बसला अर्धा तास. वर मार्करने प्रबंधाचं नाव लिहिलं, डबीत घातली, डबी पिशवीत. तपासून पाहिली नाही. पाऊण तास झाला होता का, तेही पाहिलं नाही. रागात मला वेळ कळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात खिडकीवरच्या कारकुनाने प्रबंधाच्या प्रती मोजल्या, डबी उघडून चकती पाहिली, तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं असावं, आणि डबीवर शिक्का मारला: तपासले, सुस्थितीत. खाली सही. त्याच्या टेबलावरच्या संगणकाला डीव्हीडीचं यंत्र नव्हतं. हे मला दिसलं. मला रागसुद्धा आला नाही, उलट काम लवकर झालं म्हणून मी खूश झाले आणि कँटीनमध्ये जाऊन वडापाव खाल्ला.

पुढे मौखिक परीक्षा झाली. परीक्षकांनी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर वीस मिनिटं घेतली. एक हाक ऐकवू का, असं मी दोनदा विचारलं. वेळ नाही, आम्ही पाहिलंय सगळं, असं उत्तर आलं. मला डॉक्टर म्हणून अभिनंदनाचं फूल मिळालं. कॉलेजात पेढे वाटले, पगारवाढीचे कागद गेले, दारावरची पाटी बदलली.

फुईने महिनाभर वाट पाहिली असेल. मग एका लग्नात माझा हात धरला. “आते चाल. माले तठे लई चाल.”

तिला घेऊन निघाले. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. मी मांडीवर लॅपटॉप घेतला होता, लाल पट्टीचा, कारण मला पक्कं माहीत होतं की तिथे डीव्हीडी दाखवायला काही नसणार. सात-आठ तासांचा प्रवास, वाटेत एका नातलगाकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही ग्रंथालयात पोचलो. फुईने कुणी न सांगता दारात चपला काढल्या.

ग्रंथपाल भला माणूस वाटला. त्याने नोंदवहीत आकडा शोधला, कपाटाची किल्ली आणली. कपाट उघडलं तर आत नुसत्या डब्या, खालपासून वरपर्यंत, शंभर वर्षांनी कुणीतरी येईल अशा बेताने रचलेल्या. माझी त्याने बरोबर काढली. फुईच्या नावासकट परिशिष्टाचा कागद डबीत होता. तो मी तिला दाखवला. तिला वाचता येत नाही. मी बोट ठेवून नाव वाचलं आणि तिने त्या जागेवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग मी तिला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि टेबलावर लॅपटॉप उघडून चकती घातली.

लॅपटॉपने सांगितलं, डिस्क कोरी आहे.

मी काढली, पदराने पुसली, पुन्हा घातली. कोरी आहे. त्या उघड्या ट्रेचं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या भाषणाचं गणित तिथे उभ्या उभ्या सुटलं. यंत्राने लिहायला सुरुवातही केली नव्हती. मी तिकडे एका म्हाताऱ्या बाईला लग्नापासूनचं ऐकवत होते तेव्हा ट्रे नुसता बाहेर येऊन पडला होता. आणि ह्या कोऱ्या चकतीवर ‘तपासले, सुस्थितीत’ असा शिक्का होता. दोन परीक्षकांनी लेखी अहवालात ध्वनिचित्रांची स्तुती केली होती. एकाने तर ती ‘विशेष बोलकी’ आहेत असं लिहिलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या टेबलापाशी कळलं.

मी ग्रंथपालाला म्हटलं, “सर, सगळं मूळ माझ्या लॅपटॉपवर आहे. ही चकती कोरीच आहे, हिच्यावरच पाऊण तासात घालून देते. तुमच्यासमोर.”

त्याचा चेहरा बदलला. “जमा झालेल्या वस्तूत फेरफार करता येत नाही.”

“फेरफार? हिच्यात काही नाहीच तर फेरफार कशात?”

“आवाज खाली, मॅडम. अर्ज करा. कारण लिहा.”

कारण लिहा म्हणजे, मी जमा केलेली डीव्हीडी कोरी होती, असं माझ्या सहीने लिहा. मी कागद मागून घेतला. तीन ओळी लिहिल्या. तो कागद घेऊन त्याने आतल्या खोलीत कुणालातरी दाखवला आणि एक साहेब बाहेर आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अतिशय सभ्यपणे बोलले. म्हणाले, हा अर्ज मी घेतला तर वर जाईल. पदवी कशाच्या आधारावर दिली, असा प्रश्न निघेल. तुमच्या मार्गदर्शकांची सही आहे, परीक्षकांची आहे, आमच्या माणसाची आहे. तुमच्या पगारवाढीचंही बघावं लागेल. मग जरा थांबून म्हणाले, “इतके दिवस कुणी मागितली नाही. पुढेही कुणी मागणार नाही. बघा तुम्ही.”

मी फुईकडे पाहिलं. ती बाकावर ताठ बसली होती, डोक्यावरचा पदर सारखा करून, परीक्षेला बसल्यासारखी. दोन्ही हात मांडीवर.

मी अर्जाचा कागद परत घेतला. चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. चकती डबीत घातली, डबी ग्रंथपालाच्या हातात दिली आणि त्याने ती होती तिथे ठेवून कपाटाला किल्ली लावली. हे सगळं मी केलं. मला कुणी धाक घातला नव्हता, कुणी हात पिरगाळला नव्हता. मी सहा वर्षं ज्यांच्या आवाजासाठी हिंडले, त्यांना मी पगारवाढीसाठी कपाटात मुकं ठेवून आले. विद्यापीठावरचा, परीक्षकांवरचा, त्या पट्टी लावून लॅपटॉप विकणाऱ्यावरचा राग खरा आहे. पण तो मला सोयीचाही आहे, कारण तो चालू असला की ही एवढी एक गोष्ट मागे राहते.

निदान लॅपटॉपवरूनच तिला ऐकवायला हवं होतं. तिला काय कळणार होतं, आवाज चकतीतून येतोय की आणखी कशातून! पण ही युक्ती मला परतीच्या बसमध्ये सुचली. आणि ती तेव्हा सुचली नाही हे बरंच झालं, असंही लगेच वाटलं.

बसमध्ये फुईने चपला काढून पाय वर घेतले. मग म्हणाली, “ऐकाडं नही तू माले.”

“तठलं मशीन बिघडेल शे, फुई. तुन्हा आवाज शे तठे. मशीनच बिघडेल शे.”

तिने माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. “मंग हाई इतलं वझं काब्र लई उनथी तू?”

ते ओझं कशाला आणलं हे सांगायचं तर कोरी चकतीही सांगावी लागली असती. तिचं गाव येईपर्यंत ती जागी होती, हे मला तिच्या बसण्यावरून कळत होतं.

त्यानंतरच्या मक्याच्या दिवसांत मी तिच्याकडे राहायला गेले. कॅमेरा नेला. जुनं चित्रण लॅपटॉपवर होतंच, पण ते विद्यापीठासाठी घेतलेलं. ह्या वेळी विद्यापीठ नाही, कपाट नाही, तू म्हणशील तिथे ठेवू, असं ठरवून गेले होते. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. फुईने सुपारी कातरता कातरता शांतपणे सांगितलं, “आते मन्हा आवाज नही निंघत.”

वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं आणि कॅमेरा पिशवीतच ठेवला. सकाळी चहा घेत ओट्यावर बसले होते. फुई घरात नव्हती. मळ्याच्या बाजूने तिची हाक आली, छातीतून निघालेली, मध्ये फुटलेली, वर जाऊन बारीक होणारी. पोपटांचा अख्खा थवा माझ्या डोक्यावरून गेला.